समोर एक जण

‘किती हायत?’ शांभवीनं विचारलं.

सयाजीरावांनी स्टुलावरचा आपला मोबाईल उचलला, चष्मा कपाळावर सरकवून बघितला आणि परत ठेवला.

‘एक.’

‘मग करा सुरू,’ ज्ञानू म्हणाला आणि त्यानं ढोलकी मांडीखाली ओढली.

तालमीच्या वरच्या खोलीत दर रविवारी चार ते सहा असंच चाललं होतं. लॉकडाऊनमध्ये त्यांचा ऑर्केस्ट्रा बंद पडला होता. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये सयाजीरावांची बायको संयोगिता गेली. त्यानंतर तिसऱ्या महिन्यात ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणारा धैर्यशील घरी आला आणि म्हणाला, मोबाईलवरून लाइव्ह कार्यक्रम करू. सयाजीराव नको म्हणाले. तो दुसऱ्या दिवशी परत आला.

पहिल्या रविवारी एकशे बारा लोक होते, बहुतेक नात्यातले. पुढच्या वेळी चाळीस, मग अकरा. गणपती उठले तेव्हा आकडा एकावर आला आणि तिथंच राहिला. आता शिमगा जवळ आला होता.

धैर्यशील कीबोर्डबरोबर मोबाईलचंही बघायचा. मागचा कॅमेरा चांगला म्हणून तो स्टँडवरच्या मोबाईलची काच भिंतीकडं करायचा. स्टँड आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम एक माणूस शिरेल एवढी जागा. ‘मास्तर, तुम्ही नका त्या अडचणीत जाऊ,’ म्हणायचा. म्हणून सयाजीराव आकडा बघायला आपल्या मोबाईलवर तोच कार्यक्रम उघडून, आवाज बंद करून ठेवायचे.

त्यांना हे थांबवायचं होतं. ॲकॉर्डियनचे पट्टे खांद्यात रुतत होते. भाता ओढताना दम लागत होता. वाजवून घरी गेलं की जेवणही जात नव्हतं. पण संयोगिताचं बोलणं आडवं येत होतं.

चौतीस वर्षं निवेदन तिनंच केलं. गगनबावड्याला एकदा पावसानं मांडव फाटला. माणसं पळाली. एक म्हातारा तेवढा डोक्यावर पोतं घेऊन खुर्चीत बसून राहिला. तिनं त्याच्या एकट्यासाठी दोन तास कार्यक्रम करायला लावला. ‘समोर एक जण हाय तोवर थांबायचं न्हाय,’ ती म्हणायची. दवाखान्यात जातानाही हेच बजावून गेली.

म्हणून सयाजीराव शून्याची वाट बघत होते. ज्या रविवारी शून्य दिसेल त्या रविवारी ॲकॉर्डियन खोक्यात घालायचं, ते माळ्यावर टाकायचं आणि घरात पडून राहायचं. तसेही बाकीचे सहा दिवस ते दूधवाल्यापुरतंच दार उघडत.

पण तो एक हलत नव्हता.

‘त्याच्या घरात टीव्ही न्हाय व्हय?’ ज्ञानू दर रविवारी कुरकुरायचा. तो कबनूरला यंत्रमागावर कामाला होता. पाळी बदलून यायचा. कुरकुरायचा, पण एकही रविवार चुकला नव्हता.

शांभवी जयसिंगपूरहून एसटीनं यायची. गाण्याआधी म्हणायची, ‘हे आपल्या एका रसिकासाठी.’ आणि म्हणताना बघायची सयाजीरावांकडं.

‘अगं, कॅमेरा तिकडं हाय,’ धैर्यशील म्हणायचा.

‘विसरतो की मी,’ ती म्हणायची. मग विचारायची, ‘मास्तर, आज त्यांना काय ऐकावं वाटत असंल?’

‘मला काय ठावं?’ सयाजीराव म्हणायचे. मग थोड्या वेळानं एखादं गाणं सांगायचे. बहुतेक वेळा संयोगिताच्या आवडीचं.

त्या रविवारी तिसरं गाणं संपलं आणि सयाजीरावांनी मोबाईलकडं हात नेला. काच काळी होती. बटण दाबून बघितलं. रात्री चार्जिंगला लावायचा राहून गेला होता.

त्यांनी ॲकॉर्डियन उतरवलं आणि ते उठले.

‘कुठं निघालाय?’ धैर्यशीलनं विचारलं.

‘आकडा बघतो.’

‘ऱ्हाऊ दे की मास्तर. मी बघतो.’

तोवर ते भिंतीला घासत स्टँडच्या मागं गेलेही होते.

काचेवर शून्य होतं.

त्यांनी चष्मा वर सरकवून बघितलं. शून्यच. मग हातातल्या बंद मोबाईलकडं बघितलं. मग परत काचेकडं.

गणपतीपासूनचा तो एक म्हणजे त्यांचाच मोबाईल होता.

शून्य आलं होतं. आता थांबायला हरकत नव्हती. तिचा शब्दही मोडत नव्हता.

स्टँडच्या आडून त्यांना खोली दिसत होती. ज्ञानू टॉवेलनं मान पुसत होता. शांभवी वहीत पुढचं गाणं शोधत होती. धैर्यशील कीबोर्डकडं बघत होता, पण बोटं हलवत नव्हता. ही पोरं एसटीचे धक्के खाऊन, पाळ्या बदलून कुणासाठी गात होती, हे त्यांना कसं सांगायचं?

सयाजीराव तिथनं बाहेर आले. खुर्चीत बसून त्यांनी पट्टे परत खांद्यावर घेतले.

‘किती हायत?’ शांभवीनं विचारलं.

त्यांनी भाता उघडला.

‘एक,’ ते म्हणाले.

ज्ञानूनं पिशवीत हात घालून चार्जर काढला आणि त्यांच्यापुढं धरला.

‘मोबाईल लावा आधी, मास्तर,’ तो म्हणाला. ‘पाच महिनं झालं, त्या एकाला धरून बसलोय आम्ही.’