लाल चुरा

ड्रिल मशीन बंद करून नानाजीने खांबातून बिट बाहेर ओढली आणि तिच्या खाचांतला चुरा तळहातावर झटकला. चुरा लाल होता.

असं होणं शक्य नव्हतं. खांब काँक्रीटचा होता, निदान नकाशात तरी. धंतोलीतलं हे नवं प्रसूतिगृह अशाच सहा खांबांवर उभं होतं, आणि दर्शनी बाजूला लोखंडी चॅनल गेट बसवायचं काम नानाजीकडे होतं. काँक्रीट म्हणून त्याने बर्डीच्या बाजारातून कार्बाइडच्या टोकाच्या दोन बिटा आणल्या होत्या. साधी बिट आतल्या गिट्टीवर दोन मिनिटांत बोथट होते. कार्बाइडचेही नखरे कमी नाहीत. हळू चालवा, दर इंचाला बाहेर काढून चुरा झाडा, तापली तर थांबा, पण चुकूनही पाणी मारू नका, टोक तडकतं. वीस वर्षं हेच केलेल्या माणसाच्या मनगटाला आत काय आहे ते कळतं. इथे बिट पिकल्या पपईत सुरी जावी तशी गेली होती.

त्याने वीतभर खाली दुसरं भोक पाडलं. मग मागच्या अंगाने तिसरं. प्लास्टर संपलं की नुसती वीट, आणि सळी कुठेच लागली नाही. वर माडीवर खाटा सरकवल्याचा आवाज येत होता. बाळंतिणींच्या सोळा खाटा, आणि त्यांच्या डोक्यावर गच्चीत पाण्याची टाकी.

इमारतीचे ठेकेदार महादेवराव त्याचे व्याही होते. त्याची एकुलती लेक गोपिका दीड वर्षापूर्वी त्यांच्या घरात सून म्हणून गेली होती. आता तिला सातवा लागला होता. गेटचं हे कामही व्याह्यांनीच मिळवून दिलेलं. गेट भिंतीत बसवा, असं त्यांनी बजावलं होतं. वजन पेलेल म्हणून नानाजीने आपल्या मनाने खांब धरला होता.

महादेवराव आले, त्यांनी नानाजीच्या तळहातावरचा लाल चुरा पाहिला आणि आधी जिन्याकडे नजर टाकली.

"खांबात वीट काहून हाय, महादेवराव?"

"मिस्त्रीनं लबाडी केली, दुसरं काय. मलेही आत्ताच समजून राहिलं." त्यांनी आवाज खाली आणला. "पण हा एकच. बाकीचे पाच पक्के आहेत, याच्यावर भारही नाही तसा. झाकली मूठ सव्वा लाखाची, नानाजी. माझं नाव गेलं तर गोपिकेले आमच्या घरात काय तोंड राहीन?"

ही धमकी होती की काळजी, नानाजीला कळेना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. गोपिकेची सासू रंभाबाई भाजीतल्या मिठावरून आठ दिवस अबोला धरणारी बाई. नवऱ्याची अब्रू सुनेच्या बापाने घालवली म्हटल्यावर ती काय करेल, याचा विचारही त्याला नको वाटला. खरं सांगायचं तर महादेवरावांवर विश्वास ठेवायची त्यालाच घाई झाली होती. मिस्त्री लबाड असतात, यात नवल ते काय? त्याने घमेल्यात सिमेंट कालवलं आणि तिन्ही भोकं आपल्या हाताने बुजवली. लाज वाटत होती, तरी थापी चालू राहिली.

तेवढ्यात प्रसूतिगृहाच्या मालकीण डॉक्टरबाई जिना उतरून आल्या. गुरुवारी उद्घाटन होतं, बाई खुशीत होत्या.

"नानाजी, मुलगी पहिल्या बाळंतपणाला तुमच्याकडे येतेय ना? मग तिला इथंच आणा. माडीवरची खिडकीजवळची खाट तिची. महादेवरावांनी बांधलेल्या घरात महादेवरावांचंच नातवंड जन्माला येऊ दे. मी फी घेणार नाही."

नानाजीने हात जोडले. पण त्याच्याआधी महादेवराव बोलले.

"नाही बाई. सूनबाई इथं नको. तिले सरकारी दवाखान्यातच नेऊ."

"अहो, पण का?"

महादेवरावांनी कपाळावरचा घाम पुसला. पहिलं बाळंतपण माहेरचं. लेकीला कुठे न्यायचं, हे तिच्या आईबापाने ठरवायचं, व्याह्याने त्यात तोंड घालायचं नसतं. रीतीभातीला इतका जपणारा हा माणूस आज सगळी रीत विसरून आडवा आला होता.

बाकीचे पाच खांब आतून कसे आहेत, हे नानाजीला भोक न पाडताच कळलं. मिस्त्रीचा यात काही दोष नव्हता, हेही कळलं. गोपिकेचं आता कसं होईल? संध्याकाळपर्यंत तिची पेटी माहेरच्या दारात येईल, कदाचित ती स्वतःच येईल. त्याने हातातली थापी घमेल्यात ठेवली आणि बाईंकडे वळला.

"बाई, ज्या माडीवर यांची सून झोपू शकत नाही, त्या माडीवर कोणाचीच लेक झोपवू नका."