तनुजाला मागणी

आत या म्हटलं तरी कडूबा उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. त्याची बायको भागूबाई त्याच्या मागं पिशवी धरून उभी होती.

"सर, मागणी घालायला आलोय," तो म्हणाला. "आमच्या सत्यमसाठी तुमची तनुजा द्या."

संघपाल सरांनी दोन खुर्च्या पुढं केल्या.

दोन वर्षांपूर्वी हेच बोलणं घेऊन सर स्वतः पिशोरला कडूबाच्या घरी गेले होते. पोरं वाळूजला एकाच कंपनीत कामाला होती, एकमेकांना पसंत होती. कडूबानं त्यांना ओट्यावरूनच परत पाठवलं होतं. जात आडवी आली होती. भागूबाईनं पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

सर विद्यापीठात धर्मांचा अभ्यास शिकवत. चीनमधल्या खेड्यांतले घरगुती विधी हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. तिथली भाषा शिकून ते त्या गावांत राहिले, तिथले देव, पूर्वज, नैवेद्य सगळं त्यांनी पाहिलं. स्वतः मात्र कुठल्याच विधीत हात घातला नाही. अभ्यासकानं कडेला उभं राहावं, असं ते विद्यार्थ्यांना सांगत. विश्वास तर त्यांचा कशावरच नव्हता. गेल्या आठवड्यात शहरात त्यांचं व्याख्यान झालं, तेव्हा कडूबा शेवटच्या रांगेत बसलेला त्यांना दिसला होता. संपल्यावर तो न भेटताच निघून गेला.

"त्या दिवशी तुमचं ऐकलं अन् घरी जाऊन हिला सांगितलं," कडूबा आता म्हणाला. "मग हिनंच धरलं, आपण जाऊ म्हणून."

सरांच्या पत्नी सरिताबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या.

"आता कशाला?" एवढंच त्या म्हणाल्या.

भागूबाई खुर्चीवरून उतरून खाली बसली. पिशवीतून तिनं साडी काढली, हिरव्या बांगड्या काढल्या. तुमची पोरगी एकदा आमच्या दारात आली होती, तवा मी तिच्याकडं नीट बघितलं बी नाय, असं ती मान खाली घालून सांगत राहिली. पोरगं जेवत नव्हतं, तरी आमचं मन वळलं नाय, म्हणाली.

"सून म्हणून तिचं नाव घरात घ्यायचंय, ताई."

सरिताबाई तिच्याजवळ येऊन बसल्या. त्यांनी एक बांगडी उचलली आणि बोटांत फिरवून पाहिली.

"या मोठ्या होतील तिला."

"बदलून आणते," भागूबाई घाईनं म्हणाली.

सर खिडकीपाशी उभे होते. नाही म्हणायचं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. पण सरिताबाईंनी बांगडी परत ठेवली नाही, हे त्यांनी पाहिलं. मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

"लावू लग्न," ते म्हणाले. "पण कुणाच्या पद्धतीनं?"

"तुमची नको, आमची बी नको." कडूबा म्हणाला. "तुम्ही सांगितली ती चीनमधली रीत. कागदाची नवरा-नवरी करून गेलेल्या लेकरांचं लगीन लावत्यात, ती. एका गाडीवर, एका ट्रकखाली गेली पोरं, सर. जाळलं मातर आपण दोन गावांत."