खड्ड्यातलं गाव

उत्खननाच्या खड्ड्याच्या तळाशी जुन्या घराची जमीन लागली, तसं सरांनी विद्यार्थ्यांना काठावर गोळा केलं.

मातीची, चोपून सारवलेली जमीन. एका कोपऱ्यात चूल, चुलीजवळ आडवं पडलेलं मडकं. सोनीबाई उकिडवी बसून ब्रशनं मडक्यावरची माती झाडत होती. वीस दिवस ती मजुरीवर हेच काम करत होती. नाल्यापलीकडे तिचं गाव होतं. चाळीसेक घरं.

"दोन हजार वर्षं!" सर म्हणाले. "हे लोक लोखंड गाळत होते, भात पिकवत होते. आणि एके दिवशी चुलीजवळचं मडकंही न उचलता निघून गेले. का? दुष्काळ? रोगराई? आक्रमण?" प्रत्येक शब्दानंतर ते थांबत होते. "माणसाला पुढचं दिसत नाही, म्हणून संस्कृती लयाला जातात. आजच्या काळासाठी हा धडा आहे. लिहून घ्या."

विद्यार्थ्यांनी लिहून घेतलं.

"नोटीस आली असन त्यायले," सोनीबाई खालूनच म्हणाली.

पोरं हसली. सरही हसले, मोठ्या मनाचा माणूस हसतो तसे. "मावशी, त्या काळी कसली आलीय नोटीस?"

"तं मंग बिना नोटिशीचं हाकललं असन." तिनं मान वर केली नाही.

जेवणाच्या सुटीत ती वर आली. हात लुगड्याला पुसले आणि कनवटीचा कागद काढून सरांपुढे धरला. ग्रामसभेचा अर्ज होता. कोळशाची खाण उन्हाळ्याच्या आत ही जागा आणि नाल्यापलीकडचं गाव, दोन्ही घेणार होती. गुरुवारी गोंडपिपरीला सुनावणी होती.

"साहेब, याच्यावर लिवून द्या. जागा जुनी हाय, इथी खान नोका करू म्हनून. आमचं कोनी आयकत नाई. तुमचं आयकतीन."

सरांनी अर्ज वाचला. तो घडी करून परत दिला. मागे उभ्या दोन्ही गाड्या खाणीच्याच होत्या. तंबू खाणीचा होता, ताटातली कोंबडीही.

"मावशी, खाण येण्याआधी इथलं सगळं नोंदवून ठेवायचं, म्हणून तर आम्ही आलो. काळजी करू नका. एकही मडकं वाया जाणार नाही. कापसात गुंडाळून संग्रहालयात नेणार आहोत."

"अन् आमी?"

"ते महसूलवाल्यांना विचारा." सरांनी हात धुतले. "आमचं शास्त्र होऊन गेलेल्या माणसांचं आहे. जिवंत माणसांबद्दल मी काही लिहून देऊ शकत नाही."

सोनीबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. आधी बुटांकडे, मग घड्याळाकडे, मग तोंडाकडे. तिथे तिची नजर फार वेळ थांबली नाही.

"मंग थांबा ना साहेब," ती म्हणाली. "थोडकेच दिस राह्यले."

तिनं कागद पुन्हा कनवटीला खोचला आणि खड्ड्यात उतरली. फोटोत उठून दिसावी म्हणून जमिनीवर नुकतंच पाणी शिंपडलेलं होतं. ती त्या जमिनीवरून चालत गेली. चुलीला वळसा घातला, पलीकडच्या काठानं वर चढली आणि नाल्याच्या वाटेला लागली.

"अहो मावशी! जमीन! जमिनीवरून काय चालताय?" सर ओरडले.

मातीच्या ढिगाऱ्याशी तिच्याच गावची मंगली आणि आणखी चौघी घमेली घेऊन उभ्या होत्या. मंगलीनं सरांकडे पाहिलं, सोनीबाईच्या पाठीकडे पाहिलं आणि घमेलं खाली टाकलं. पाचही जणी एकामागोमाग नाल्याच्या वाटेनं गेल्या. कुणी मागे वळून पाहिलं नाही.

सर काठावर आले. ओल्या जमिनीवर चुलीपासून काठापर्यंत अनवाणी पावलं उमटली होती. टाचा, बोटं, सगळं स्पष्ट.

दिव्यानी नावाची विद्यार्थिनी ब्रश घेऊन खाली उतरली. पावलांशी येऊन थबकली.

"सर, पुसू?"

"विचारतेस काय?" सर म्हणाले. "पुस."