राखणदाराचा रोट

इंजिनियरसाहेब, तुम्ही रस्ता सरळ करताना हळर्णच्या वळणावरचा वड तोडलात आणि त्याखालचा, वाटसरूंना सांभाळणाऱ्या राखणदाराचा दगड कुठे टाकलात ते कुणालाच सांगितलं नाहीत. ह्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी राखणदाराला रोटाचा नवस बोलले होते. डॉक्टरांनी स्कूटर चालवायला परवानगी दिली म्हणून काल दोघं डिचोलीहून निघालो, गावागावांत चहाला थांबत. मांडीवर केळीच्या पानात रोट होता, जाड भाजलेली भाकरी. नव्या रस्त्यावर ह्यांनी अचानक हॉर्न वाजवला. समोर कुणीच नव्हतं. “कोणाक वाजवलात?” “राखणदाराक. हंय सगळेच वाजवतत.” हात सवयीने गेला होता. थांबून पाहिलं तर वडाच्या जागी डांबर आणि पांढरा पट्टा. “रोट आता तूच खा,” हे हसले. हात मात्र छातीवर होता. बोललेला रोट वाहिल्याशिवाय खात नाहीत. राखणदार कुठे ते सांगा, नाहीतर रोट तुमच्या टेबलावर ठेवते. ह्यांची राखण तुम्ही कराल?