अर्धं ताट

गावातल्या खानावळींबद्दल पेपरात लिहिणारा तो माणूस अखेर एका दुपारी आमच्याकडे जेवायला आला. त्याने नावं ठेवली की काय होतं, ते शेजारचं बंद शटर रोज सांगत होतं. नवऱ्याने ताट नेऊन ठेवलं. मी स्वयंपाकघराच्या दाराआडून बघत राहिले.

वीस मिनिटांनी नवरा ताट घेऊन परत आला. मधोमध रेघ ओढावी तसा अर्धा मासा, अर्धा भात तसाच होता.

"बुडालो आपण," नवरा म्हणाला.

त्याच्या मागोमाग तो माणूसही आत आला. पिशवीतून डबा काढून माझ्यापुढे धरत म्हणाला, "उरलेलं टाकू नका, यात भरा. आई अंथरुणाला खिळलीय. पस्तीस वर्षं कॅन्टीन चालवलंय तिने. चव तिची, मी नुसता लिहिणारा."

मी डबा भरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला, तोंड पाडून. टेबलावर कालचा रिकामा डबा ठेवला, शेजारी आणखी एक रिकामा.

"काय म्हणाल्या आई?" मी भीतभीतच विचारलं.

"ती तोंडाने कधीच काही सांगत नाही. आजवर कुठलाही डबा नेला, तरी दोन घास खाऊन माझ्याकडे सरकवते. तेच माझं रात्रीचं जेवण."

"आणि काल?"

"काल मी उपाशी झोपलो."