अडवून ठेवलेली दुरुस्ती
कालपरवा आलेल्या पोरीने आपल्या वीस वर्षं जुन्या कोडमध्ये खोट काढावी, हे सरांना झोंबलं होतं. ऑपरेटिंग सिस्टिमचा तो कोड, डिस्कवरचा एखादा भाग वाचता आला नाही, की तिथे गुपचूप शून्यं भरून मोकळा व्हायचा. “वाचता आलं नाही, हे सांगायला नको का, सर?” तिने मीटिंगमध्ये विचारलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. अशा माना पूर्वी फक्त सरांसाठी डोलायच्या. त्यांनी तिची दुरुस्ती तीन आठवडे अडवून ठेवली. रविवारी घरी त्याच कोडच्या भरवशावर त्यांनी जुनी डिस्क नवीवर उतरवली. कोडने कसलीच तक्रार केली नाही, म्हणून जुनी भंगारात टाकली. संध्याकाळी लेक म्हणाली, “बाबा, माझ्या बोबड्या गाण्याच्या फाइलला आवाजच नाही.” आत नुसती शून्यं. सोमवारी ऑफिसात त्यांनी त्या नव्या पोरीच्या दुरुस्तीखाली शेरा मारला, “सातव्या ओळीत एक स्पेस जास्त.”