नववा प्रश्न

तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण कॉलेजांत, ऑफिसांत जाऊन "मनात कुढत बसू नका, बोला" हे ती दहा वर्षं लोकांना सांगत आली होती. आता तिचं स्वतःचंच मन थाऱ्यावर नव्हतं, म्हणून ती समुपदेशकाकडे आली. थोरली बहीण सोबत होतीच. ताई सोबत नाही असं कधी व्हायचंच नाही.

बाहेरच्या बाकावर हातात छापील फॉर्म आला आणि ताईने पेन काढलं.

"झोप लागते का? लागते की, चांगली घोरतेस. जेवण जातं का? न जायला काय झालंय."

"ताई, अगं मला..."

"थांब गं, ओळ चुकेल माझी. रडू येतं का? छे, आपल्याकडे कुणी रडूबाई नाही."

पेन भराभर चाललं होतं. मग एका जागी ते थबकलं आणि कागदाची घडी घातल्याचा आवाज आला.

"झालं बाई एकदाचं. आठच प्रश्न होते."



प्रश्न तिच्या ओळखीचे होते; समुपदेशकांसाठी हा फॉर्म तिनेच तयार केला होता. सगळ्यांशी भांडून तिने त्यात नववा प्रश्न घालायला लावला होता: 'तुमची उत्तरं दुसरंच कुणी देतंय का?'